या घरी चूल पेटणार का?

शिवराजच्या मुलीचं बारसं झालं ते साल दोन हजार चोवीस. बारशाच्या आदल्या दिवशी पद्मावती दिलसुखनगरच्या आपल्या भटारखान्यात, पिठाच्या पिंपावर लॅपटॉप ठेवून बसली होती. तिला शिकवणाऱ्या हणमंतराव आचाऱ्यांनी वयामुळे झारा खाली ठेवल्यानंतरची तिची ही पहिली पंगत. अन्न कमी पडलं असतं तर शिवराजच्या भावकीत तिला पुन्हा कुणी बोलावलं नसतं.

शिवराजच्या आईनं दिलेली यादी तिनं शीटमध्ये उतरवली. प्रत्येक नावापुढे एक.

"शहाण्णव पानं," ती म्हणाली. "तांदूळ दहा किलो."

स्टुलावर बसलेले हणमंतराव गालात हसले. त्यांनी मृण्मयीकडे पाहिलं.

मृण्मयी पुण्याची, इथं कंप्युटरच्या नोकरीत. तीन रविवार तिनं म्हाताऱ्याजवळ बसून त्याचे सगळे अंदाज लिहून घेतले होते आणि त्यातून शीट तपासणारा एक प्रोग्राम बनवला होता.

"नुसती कैकू कैकू करती ही पोरगी," हणमंतराव म्हणाले. "मठ्ठा दीडपट म्हटलं, तर कैकू. आमच्या उस्तादाला असं विचारलं असतं, तर झारा पाठीत बसला असता."

"का ते कळल्याशिवाय मशीनला काय शिकवू, आजोबा? काकू, आता 'तपासा' दाबा."

पद्मावतीनं दाबलं. पहिली ओळ पिवळी झाली. खाली प्रश्न आला : या घरी त्या दिवशी चूल पेटणार का?

तिचा हात थांबला. तिनं कागदी यादी ओढली. एक्केचाळीस नावांपुढे शिवराजच्या आईनं बारीक टिंब दिलं होतं. चूलबंद आवतण. अख्खं घर जेवायला.

"मामा, तुम्हाला ठाऊक होतं, आणि गप्प बसलात?"

"हा बोलतो का, ते बघायचं होतं."

तिनं एकेका टिंबापुढे 'नाही' दाबलं, माणसं भरली. सात. पाच. चार. शेवटी बेरीज आली दोनशे ऐंशी. तांदूळ अठ्ठावीस किलो.

"आता त्यालाच विचार, कैकू म्हणून."

तिनं 'का?' दाबलं. हणमंतरावांना वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्यानं वाचलं : "चूल बंद म्हणजे घरातलं प्रत्येक माणूस धरायचं, पाळण्यातलं सोडून. हा नियम हणमंतराव आचारी यांचा."

त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

"तीस आचारी माझ्या हाताखाली शिकले," ते म्हणाले. "नाव कुणी घेतलं नाही. ह्यानं घेतलं."

बारशाला दोनशे चौऱ्याहत्तर पानं उठली. भात पुरला.

जानेवारीत एका सकाळी पद्मावतीनं नवी शीट उघडली. एकच ओळ लिहिली : हणमंतराव, जामबाग. पुढे एक. मग 'तपासा' दाबलं.

या घरी त्या दिवशी चूल पेटणार का?

नाही.

किती माणसं?

तिनं बारा लिहिलं. मग पुसून अकरा केलं, आणि पिठल्याला पाणी ठेवलं.

हणमंतराव त्याच दिवशी पहाटे वारले. शुक्रवार, सतरा जानेवारी दोन हजार पंचवीस.