नापास मीठ

आरोग्य केंद्रातल्या आशाताईने दोन बशांतल्या मिठांवर आयोडीन तपासायच्या औषधाचा एकेक थेंब टाकला, तशी प्रणालीने मांडीवरच्या तान्हीला घट्ट धरलं.

महिन्यापूर्वी खाडीपलीकडच्या अणुभट्टीतून गळती झाल्यापासून तिच्या जिवाला घोर होता. गळ्यातली थायरॉइड आयोडीनला भुकेली राहिली, तर पुढच्या गळतीतलं किरणोत्सर्गी आयोडीनही अधाशासारखं शोषून घेते, असं डॉक्टर म्हणाले होते.

पाकिटातलं मीठ जांभळं झालं. सासूबाईंच्या मिठागरातलं पांढरंशुभ्र राहिलं. त्यात आयोडीन नव्हतंच.

चार पिढ्या अख्खा गाव हेच मीठ खात होता. प्रणाली मान खाली घालून सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटायची वाट बघू लागली.

त्या मात्र पदर खोचून उठल्या. "आपलं मीठ यापुढे मासळी खारवायला. पोरांच्या पोटात पाकिटाचं."

"मी सांगते गावात," आशाताई म्हणाली.

"तुझं कोण ऐकतंय? म्हणतील, पाकिटवाल्या कंपनीने पाठवलीय." त्यांनी औषधाची बाटली उचलली. "माझ्या मिठाला नापास मीच करायला हवं. चल, आधी माझ्या जावेकडे. ती बोंबलली की निम्म्या गावाला आपोआप कळेल."

बी.एस्सी. झालेल्या प्रणालीला महिनाभर घरात जे बोलायचा धीर झाला नव्हता, ते सासूबाई दारोदार सांगायला निघाल्या होत्या.