होडीचं नाव

आमच्या मालकांचा हात थरथरतो, म्हणून त्यांची दाढी मीच करते. डहाणूचा दुकानदार म्हणाला, “आजी, ब्लेडवाला न्या, झटपट होईल.” मी म्हटलं, “झटपट कोणाला पाहिजे? पट्ट्यावर धार लावायचा वस्तरा दाखव.” जन्मभर मासळी कापली, पातं मला कोणी शिकवू नये. नखावर टेकवून बघितला नि चांगला जड घेतला.

घरी फेस लावला. वस्तरा गालावरून असा सरसर गेला की मालकांनी सुखाने डोळे मिटले. हनुवटी वर करून मी गळ्याशी आले, तेवढ्यात पेंटर जतीन दारात. नवी होडी समोरच वाळूत उभी होती. तिला मालकांच्या बापाचं नाव द्यायचं की माझं, यावर आमचं वर्षभर भांडण.

“काका, नाव काय काढू?”

“पुतळी,” मी म्हटलं. “मासळी विकून होडी मी उभी केली. यांना पसंत नसेल तर आत्ताच मान हलवून नाही म्हणतील.”

मालकांनी थुंकीसुद्धा गिळली नाही.

“काकांची ना नाही,” म्हणून जतीनने रंग कालवला. त्याने ‘ळी’ची वेलांटी पुरी करेपर्यंत मी गळ्यावरचा वस्तरा उचलला नाही.