टेकडीवरचा स्याहगोश

शलाका फोटो फाईलला लावत होती, तेव्हा शशिकांत खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड बघत बसला होता. तीन महिन्यांत त्याने त्या फोटोकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. लाज वाटायची.

"बाबा, आज सुनावणी. टेकडीवर स्याहगोश आहे म्हटल्यावर सुरुंग लावायची कुणाची टाप आहे!" लेक म्हणाली.

टहरौलीजवळची ती टेकडी खाणवाल्यांना हवी होती. ती वाचवायला शलाका दोन वर्षं चपला झिजवत होती. आणि शशिकांत, रेल्वेचा निवृत्त गार्ड, सात वर्षं तिथेच झुडपाआड बसून स्याहगोशाची, कानांवर काळे झुपके असलेल्या त्या रानमांजराची, वाट बघत होता. पावलांचे ठसे दिसले, खडकाला चिकटलेले केस सापडले. स्वारी स्वतः काही आली नाही. कॉलनीतले चिडवायचे, "काकाजी, आपकी गाड़ी अभी भी लेट है?"

शेवटी तीन महिन्यांपूर्वी त्याने अक्कल गहाण टाकली. बड़ा बाज़ारातल्या भंगारवाल्याकडे भुसा भरलेला एक जुना स्याहगोश मिळाला. डाव्या कानाचा झुपका कसरीने पार खाल्लेला. एका पहाटे त्याने तो टेकडीवरच्या खडकावर ठेवला आणि दर मिनिटाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा समोर लावला. पण अर्ध्या तासातच मन खायला लागलं. शी, हे काय करतोय आपण! ते सोंग त्याने पोत्यात कोंबलं, कॅमेरा तसाच चालू सोडला आणि गावात चहा प्यायला निघून गेला.

कॅमेरा घेऊन घरी आल्यावर त्यातलं कार्ड पुसून टाकायचं ठरवलं होतं. पण तो आंघोळीला गेला तेवढ्यात शलाकाने ते कॉम्प्युटरला लावलं.

"बाबा, मिळाला! सुरुवातीचे सगळे धुक्यात गेलेत, पण हा एक बघा!"

ती रडत होती. फोटोकडे न बघताच तो दारातून मागे फिरला.

आज सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी फोटो हातात घेतला आणि शलाकाकडे बघून पसंतीची मान डोलावली. शशिकांतला ते सहन झालं नाही. माझ्या पापाला पोरगी का धनी? तो उठला.

"साहब, फोटो झूठा है. भूसा भरा जानवर रखकर खींचा था."

"लिखकर दे दीजिए, बाबूजी."

त्याने लिहिलं. खाली सही केली. साहेबांनी शलाकाची हरकत फेटाळली आणि खाणीच्या परवान्यावर शिक्का मारला.

परतताना दतिया गेटपाशी शलाका एवढंच म्हणाली, "आधी सांगायचंत ना, बाबा. मी फोटो लावलाच नसता."

घरी येताच शशिकांतने पलंगाखालचं पोतं ओढलं आणि शलाकाने भिंतीवर लावलेली त्या फोटोची तसबीर उतरवली. दोन्ही एकदम जाळून टाकू. पोत्याचं तोंड उघडलं, तर कसरीने खाल्लेला कान वर आला. त्याने चष्मा लावला आणि पहिल्यांदाच फोटोकडे नीट बघितलं.

धुकं विरलं होतं. खडकावर स्वच्छ ऊन होतं. जनावर थेट कॅमेऱ्याकडे बघत होतं, आणि त्याच्या दोन्ही कानांवर काळे झुपके होते.