दारासमोरचं काड

कॅप्टनने कागदावर क्रूस काढला आणि लेओनीसमोर धरला. "मंगळवारी सकाळी हा तुझ्या दारात होता. कोणासाठी?"

हेक्टर मास्तरांनी जर्मन प्रश्न गावच्या भाषेत, फ्लेमिशमध्ये, सांगितला. लेओनी गप्प. खटल्याचा आज तिसरा दिवस, आणि तिन्ही दिवस तिने एवढंच केलं होतं.

गाव जर्मनांच्या ताब्यात होतं, आणि त्यांचं लष्करी कोर्ट गावच्या शाळेतच भरलं होतं. तीन अधिकारी बसलेले, आणि मास्तर आपल्याच वर्गात टोपी हातात धरून उभे.

लेओनीच्या शेतात चोरून हॉलंडला न्यायच्या पत्रांचं गाठोडं सापडलं होतं. त्यात सैन्याच्या आगगाड्यांची यादी होती. शेतात काय, कोणीही टाकून जाईल. पण दारासमोर गव्हाच्या काडाचा क्रूस, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दोन विटा, हे काम तिच्याच हातचं. कॅप्टनच्या मते ती हेरांना खूण होती, वाट मोकळी असल्याची.

साक्षीला ओडिलोनला आणलं होतं. चर्चची घंटा वाजवायची आणि कबरी खणायच्या, हे त्याचं काम. माणूस भला, पण तोंडाला कुलूप नाही.

"खूण कसली डोंबलाची, साहेब," तो म्हणाला. "आमच्याकडं घरात माणूस गेलं की दारापुढं काडाचा क्रूस मांडतात. येणारा-जाणारा टोपी काढतो, त्याच्यासाठी देवाला दोन शब्द सांगतो. विचारा कोणालाही."

कॅप्टनने पेन खाली ठेवलं. "मग त्या घरात कोण गेलं?"

ओडिलोनने जीभ चावली, पण बोलून बसला होता.

गेला होता रेमी, लेओनीचा एकुलता एक. गाठोडं त्याचंच. सोमवारी अंधारात पहारेकऱ्याची गोळी पोटात घेऊन तो रांगत घरी आला आणि आईच्या मांडीवर त्याने जीव सोडला. पाद्रीबाबा आणि ओडिलोन यांनी एका म्हातारीची ताजी कबर उकरून तिच्या शवपेटीवर त्याला ठेवला आणि माती लोटली. रडायचं नाही, घंटा मागायची नाही, असं तिला बजावलं. तिने सगळं ऐकलं. पण उजाडलं आणि तिला राहवेना. तिचं पोर या दारातून कायमचं गेलं, आणि दारात काडसुद्धा नाही? अर्धा तास ठेवू आणि उचलून टाकू, असं ठरवून तिने क्रूस मांडला. गस्त त्या अर्ध्या तासातच आली.

"घराच्या यादीत दोन नावं आहेत," कॅप्टन म्हणाला. "तू आणि तुझा मुलगा. तू तर माझ्यासमोर उभी आहेस."

खरं सांगितलं असतं तर ती वाचली असती. पोराला लपवणाऱ्या आईला गोळी घालत नसत; फार तर वर्ष-दोन वर्षं तुरुंग. पण मग कबर उकरली गेली असती. हेराला लपवणारा हेरच, असा जाहीरनामा चर्चच्या दारावर लागलेला. पाद्रीबाबा आणि ओडिलोन गोळ्या खायला भिंतीशी उभे राहिले असते. ओडिलोनला सहा लेकरं. तो खाली मान घालून उभा होता.

"हा खोटं बोलतोय," लेओनी म्हणाली. "माझी कीव आली त्याला. कोणी मेलंबिलं नाही. ती खूणच होती."

मास्तरांनी ते जर्मनमध्ये सांगितलं नाही. रेमीला अक्षरं त्यांनीच शिकवली होती, याच वर्गात. ओडिलोनचा चेहरा बघून ते काय समजायचं ते समजले होते.

"बाई, नीट विचार करा."

"मी बोलले तेवढं सांगा, मास्तर."

त्यांनी सांगितलं.

"आणि मुलगा?" कॅप्टनने विचारलं.

"सरहद्दीच्या तारेपलीकडं गेला. हॉलंडला. चांगला धडधाकट आहे."



निकालाला दहा मिनिटं लागली. लेओनीला शनिवारी सकाळी गोळ्या घालायच्या. ओडिलोनला खोट्या साक्षीबद्दल तीन महिने. ओडिलोन हमसून हमसून रडायला लागला. तीन महिन्यांसाठी एवढा रडतोय, म्हणून पहारेकरी हसले.

कारकुनाने जबानीचा कागद तिच्यापुढे सरकवला. सहीआधी तो वाचून दाखवायचा, असा नियम. मास्तर एकेक ओळ फ्लेमिशमध्ये सांगत गेले. नाव, वय, गाव, गुन्हा कबूल. लेओनी खिडकीकडे बघत होती. मग एकदम तिने मान वळवली.

"ही ओळ परत वाचा, मास्तर."

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "मुलगा रेमी. वय एकोणीस. हयात."

"आणखी एकदा," लेओनी म्हणाली.