जाड जाळी

व्हरांड्याच्या दाराची जाळी खालच्या कोपऱ्यात पुन्हा फाटली होती. कारागिराने नमुने पुढे धरले.

"मावशी, ही जाड घ्या. कुत्र्याने कितीही नखं मारली तरी दाद देणार नाही. कुठंय तो?"

"असेल इकडंतिकडं," मावशी म्हणाल्या. नवरा गेला आणि त्याच्यापाठोपाठ अन्नपाणी सोडून कुत्राही गेला, हे सांगायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

जाळी बसवून कारागीर गेला. दुपारी नेहमीची खरखर सुरू झाली. बाहेर कोणीच दिसत नव्हतं. जाळी नुसती थरथरत होती.

"सोड रे बाबा मला आता," मावशी रडकुंडीला आल्या.

खरखर थांबली. बाहेर कोणीतरी थेट नवऱ्यासारखं खाकरलं.

"थांब रे, नखं मोडतील तुझी. मी काढतो कडी."