एकच फडकं

"बाबा, गाडी थरथरतेय."

"गाडी नाही गं, माझे हात." मिस्त्रीने पाय आणखी दाबला. घाटाची वळणं संपत नव्हती आणि मास्तरांची निळी गाडी काही दिसत नव्हती.

मुलीने पुन्हा फोन लावून पाहिला. "रेंजच नाही. पण चाक ज्यावर बसतं तो हब घासायचा राहिला, हे नक्की?"

"एका हबला एक कोरं फडकं. तीस वर्षांचा नेम आहे माझा. सकाळी दोन चाकं बसवली, एक आपल्या गाडीचं, एक मास्तरांच्या. मधेच तुझ्या आईचा फोन आला. आत्ता आवरायला घेतलं, तर गंज पुसलेलं फडकं एकच."

"मग?"

"आपली गाडी आधी केली होती. म्हणजे राहिला तो त्यांचाच. गंजावर आवळलेलं चाक चार दिवससुद्धा टिकत नाही. आतला थर चुरतो, नट सैल पडतात, चाक निखळतं. अन् त्यांच्या गाडीत दोन नातवंडं आहेत!"

माथ्याजवळ निळी गाडी दिसली. मिस्त्रीने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

मास्तर गाडी कडेला घेऊन उतरले. "काय हो, पाना विसरलात की काय माझ्या गाडीत?"

"पोरांना आधी खाली उतरवा." मिस्त्री डिकीतून जॅक काढत म्हणाला.

मुलीने घड्याळ दाखवलं. "बाबा, दवाखान्यात बाराची ड्यूटी आहे माझी."

"तू जा गाडी घेऊन. मी बसने येतो. आणि उतारावर उडवू नकोस."

"हे तुम्ही सांगताय?" ती हसली. गाडी वळणाआड गेली.

मिस्त्रीने जॅक लावला. चारही नट काढून फडक्यावर ठेवले. चाक ओढताना त्याने डोळे मिटले, मग उघडले.

गंजाचा कणही नव्हता.

"अहो, हा तर आरशासारखा लख्ख!" मास्तर म्हणाले. "उगाच जीव टांगणीला लावलात आमचा."

मिस्त्री हसायला गेला. त्याचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. ते अगदी स्थिर होते.

मास्तरांची धाकटी नात पळत आली. "काका, ती ताई गेली ना, तिच्या गाडीखाली हे पडलं होतं."

तिने मूठ उघडली. आत चाकाचा नट होता.