चुकीचा शब्द

“पुतळा,” नामदेव म्हणाले.

बोलणं परत शिकवायला घरी येणाऱ्या वैजयंती मॅडमनी चमचा खाली ठेवला आणि कंगवा उचलला.

“पुतळा.”

मग चावी झाली, कप झाला. सगळे पुतळेच निघाले. अर्धांगाच्या झटक्यानं मेंदूतला बोलण्याचा भाग बसला होता. शिरवणे गावात ज्यांच्यापुढे दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला मिळत नसे, त्या नामदेवांकडे आता एकच शब्द शिल्लक होता. तोच ते सगळ्या कामांना वापरत होते.

“असं होतं,” मॅडम त्यांच्या मुलाला, दिपेशला म्हणाल्या. “बाकीचे शब्द अडकतात, एखादा मोकळा राहतो. बहुतेक जुना, सवयीचा. या शब्दाचा तुमच्या घरात काही संबंध?”

“कायच नाही,” दिपेश म्हणाला.

तरी रविवारी त्यानं वडिलांना रिक्षात घातलं आणि वाशीच्या चौकातल्या पुतळ्यापुढे नेऊन उभं केलं. नामदेवांनी पुतळ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि बिचाऱ्याला काय झालंय अशा नजरेनं रिक्षावाल्याकडे बघितलं.

“अहो, आमच्या साताऱ्याकडं पुतळा हे बाईचं नाव असतं,” जिना चढताना राजेश्वरी नवऱ्याला म्हणाली. “बाबांच्या ओळखीत कोणी...” तिनं वाक्य अर्धवट सोडलं. त्यामुळे ते पूर्ण झालं.

दिपेशला वडिलांचा राग आला नाही, आईचं वाईट वाटलं. बेचाळीस वर्षं संसार केला, आणि म्हातारपणी हे ऐकायचं. ती बिचारी प्रत्येक ‘पुतळा’ला हातातलं टाकून धावत होती. शेजारी ऐकतील म्हणूनच, दुसरं काय.

“तो शब्द काढून टाका,” तो मॅडमना म्हणाला. “त्याच्या जागी आईचं नाव बसवा.” जसा काही नळ बदलायचा होता.

मॅडमना घरातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि पद्धत ठरवून दिली. ‘पुतळा’ म्हटलं तर कोणी ओ द्यायची नाही. नुसतं ‘सु’ म्हटलं तरी आईनं लगेच समोर जायचं. रोज अर्धा तास नामदेवांच्या डाव्या हातावर ताल धरायचा आणि गाण्यासारखं म्हणून घ्यायचं, सु-चि-ता. बोलणं गेलं तरी पुष्कळांचं गाणं शाबूत राहतं, आणि त्या वाटेनं शब्द आत सोडता येतो.

दिपेशनं आईला हे सगळं समजावलं.

“तो शब्द चुकीचा हाय कं?” आईनं विचारलं.

“चुकीचाच. मेंदूतला कचरा आहे तो. तू टेन्शन नको घेऊ.”

आईनं टेन्शन घेतलं नाही. निदान दिसलं तरी नाही. खाटेवरून नामदेव हाक मारायचे, पुतळा. मग मोठ्यानं. मग अगदी हळू, मांजराला बोलवावं तसं. आई स्वयंपाकघरात ओट्याची कड धरून उभी राहायची, पण जायची नाही. दिपेशला तिचं कौतुक वाटायचं. मॅडमचं सांगणं इतकं पाळणारा पेशंटचा माणूस त्यानं पाहिला नव्हता.

सातव्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, नामदेव म्हणाले, “सुचिता.”

सलग. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. राजेश्वरीनं व्हिडिओ काढला. दिपेशला रडू आलं, ते त्यानं शिंकेत घालवलं. मॅडम गेल्यावर दोघं नवराबायको खालच्या सगळ्या भाडेकरूंना पेढे वाटून आली.

आई कोलंबी सोलत बसली होती.

“ऐकलंस ना? तुझं नाव घेतलं.”

“ऐकला.” तिनं एक कोलंबी सोलली. “दिपू, पुतळा मीच.”

“काय?”

“माहेरचा नाव माजा. माज्या सासूच्या सासूचा पन तोच. मंग सासू मना हाक कशी मारनार? म्हनून लग्नान बदलला.”

बँकेत आईचं माहेरचं आडनाव विचारतात, म्हणून ते दिपेशला पाठ होतं. नाव कधी कोणी विचारलं नव्हतं.

“मग सांगायचं ना, आई.”

“काय सांगू? बापूस एकटा असला का मना काय हाक मारतो, ते पोराला सांगू?” तिच्या हातातलं काम थांबलं. “चारचौघान तो सुचिताच बोलाचा. घरान कोन नसला, का मंग पुतळा.”

दिपेशनं पेढ्यांचा रिकामा बॉक्स खाली ठेवला.

“आता तुमी पेढे वाटाला गेलेले. घरान कोन नव्हता,” आई म्हणाली. “तरी पन तो सुचिताच बोल्ला.”